गिटारचा कंबरपट्टा

साडीला जसा काठ, तशी गिटारला कडेची पट्टी. बघणाऱ्याला वाटतं, नुसता नट्टापट्टा! पण तिचं खरं काम रखवालदाराचं. गिटारची वरची फळी स्प्रूससारख्या मऊ लाकडाची. तिच्या उघड्या कडेतून दमट हवा आत शिरते आणि जरा धक्का लागला की टवका उडतो. पट्टी हे दोन्ही अंगावर घेते.

अमेरिकेतल्या मार्टिन कंपनीच्या उंची गिटारींना पूर्वी ही पट्टी चक्क हस्तिदंताची असे. म्हणजे बोटं वाजवणाऱ्याची आणि दात हत्तीचे! बिलियर्डचे चेंडूही हस्तिदंतीच. १८६०च्या दशकात त्याला पर्याय शोधणाऱ्यासाठी १०,००० डॉलर्सचं बक्षीस लागलं. जॉन वेस्ली हायट या छापखान्यातल्या माणसाने ते मनावर घेतलं. कापसावर आम्लांची प्रक्रिया करून त्यात कापूर मिसळला आणि १८७० साली सेल्युलॉइडचं पेटंट घेतलं. आपण देवापुढे कापूर जाळतो, या गृहस्थाने त्याचा हस्तिदंत केला! १९१८च्या सुमारास मार्टिननेही हीच पट्टी धरली.

पण कापूरच तो! डबीतला उडतो, तसा पट्टीतलाही वर्षानुवर्षं उडत राहतो. पट्टी आखडते आणि नेमकी कंबरेशी सुटते, कारण आतल्या वळणावर ती सरळ व्हायला बघते. चाळिशीतल्या गृहस्थांचं उलट. पट्टा तेवढाच, कंबर वाढते. परिणाम एकच.

उतावळा माणूस सुटलेली जागा आवळून चिकटवतो. ताण तसाच राहतो, पट्टी पुन्हा सुटते आणि जाताना लाकडाची ढलपी घेऊन जाते. जाणता कारागीर न सुटलेली पट्टीही हलक्या हाताने मोकळी करतो, कंबरेपासून चिकटवत तळाशी येतो. तिथे उरलेल्या फटीत जुन्याच रंगाचा इवलासा तुकडा बसवतो. अ‍ॅसिटोनने सेल्युलॉइड विरघळून छान सांधतं. पण थेंब बाहेर गेला तर रोगणही विरघळतं. जुन्या गिटारींचं रोगणही बहुधा नायट्रोसेल्युलोजचंच. शेवटी भाऊबंदकी!

आणि जवळपास ज्योत नको. जुन्या चित्रपटांच्या फिती याच कुळातल्या. जानेवारी २००३मध्ये पुण्यात अशा फितींच्या साठ्याला आग लागली आणि कित्येक मूकपट कायमचे गेले.

सगळी पट्टी काढून नवं प्लॅस्टिक लावणं सोपं. गिटार नवी दिसते, एवढंच. गव्हाच्या दाण्याएवढी फट मान्य केली, तर शंभर वर्षांचा पिवळटलेला काठ वाचतो. घरातल्या म्हाताऱ्यांच्या बाबतीतही हाच हिशेब बरा.