एक रुपया पगार

माझ्या मामाचं एसटीडी बूथ तालुक्याच्या एसटी स्टँडसमोर होतं. एका पायाला पोलिओ, शिक्षण दहावी. अपंगांना प्राधान्य होतं म्हणून १९९१मध्ये त्याला ते मिळालं. रात्री अकरानंतर पाव दर सुरू झाला की मुंबई-पुण्याला बोलणाऱ्यांची रांग लागे. मामा गेल्यावर बिलांच्या पट्ट्यांनी भरलेलं एक खोकं माझ्याकडे आलं. त्या चाळताना वाटलं, या पिवळ्या पाटीमागची कल्पना आली कुठून? शोध घेत मी सॅम पित्रोदांपर्यंत, म्हणजे थेट शिकागोपर्यंत पोचलो.

सत्यनारायण गंगाराम पित्रोदा यांचा जन्म १९४२चा, ओडिशातल्या तितलागडचा. घर गुजराती सुतारांचं. म्हणजे स्थलांतर त्या घराला नवीन नव्हतं. बडोद्याला शिकून १९६४मध्ये ते शिकागोला गेले. आयुष्यातला पहिला टेलिफोन त्यांनी वापरला तो अमेरिकेत. लांबलचक नावाचं 'सॅम' झालं तेही तिथे, पगारपत्रक करणाऱ्या बाईच्या सोयीसाठी. पुढे डिजिटल स्विचिंगची पेटंटं, भागीदारीतली 'वेस्कॉम स्विचिंग' आणि १९८०मध्ये ती रॉकवेलला विकून आलेला पैसा. चाळिशीच्या आत माणूस सधन आणि मोकळा. इथवर ही परदेशी गेलेल्या कुठल्याही यशस्वी उद्योजकाची गोष्ट आहे.

मग दिल्लीच्या एका मुक्कामात शिकागोला घरी फोन लागेना. आपल्याकडे तेव्हा फोनसाठी वर्षानुवर्षं नंबर लावून बसावं लागे, त्यामुळे आपल्याला त्याचं नवल नव्हतं. त्यांना ते असह्य झालं. ऑगस्ट १९८४मध्ये 'सी-डॉट' ही संस्था उभी राहिली. वचन होतं ३६ महिन्यांचं आणि ३६ कोटींचं. पित्रोदांचा पगार वर्षाला एक रुपया.

या एका रुपयाचं कौतुक खूप झालं. मला त्याहून मोठी वाटते ती एक साधी अट: एक्स्चेंज वातानुकूलनाशिवाय चाललं पाहिजे. परदेशी यंत्रांना गारवा लागे. आपल्या खेड्यात ऊन, धूळ आणि बेभरवशाची वीज. त्यातून १२८ लाइनचं ग्रामीण एक्स्चेंज घडलं आणि १९८६मध्ये राणी चेन्नम्माच्या कित्तूरला बसलं. हे एकट्याचं काम नव्हतं. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतून आलेले एम. व्ही. पिटके, दूरसंचार खात्यातले जी. बी. मीमांसी आणि नुकती कॉलेजातून बाहेर पडलेली पोरं यांचं नाव मागे पडलं, हा आपल्या व्यक्तिपूजेचा दोष. शहरांसाठीचं मोठं एक्स्चेंज मात्र मुदतीत झालं नाही. टीकाकारांचं तेवढं खरंच होतं.

व्यापारातून आलेली खरी शहाणीव मला बूथमध्ये दिसते. घरोघर फोन देणं परवडणार नव्हतं, पण फोन हाताशी असणं शक्य होतं. मीटर लावायचा आणि चालवणाऱ्याला कमिशन द्यायचं. आमच्या गावच्या जुन्या सार्वजनिक फोनचा रिसीव्हर कायम मुका असे. मामाचा फोन बंद पडला तर तो लाइनमनच्या घरी कुबडी टेकत जाई, कारण पोट त्यावर होतं.

१९८७मध्ये पित्रोदा पंतप्रधानांचे सल्लागार झाले. पिण्याचं पाणी, साक्षरता, लसीकरण, तेलबिया अशा मोहिमा त्यांच्याकडे आल्या. सरकारी पदासाठी अमेरिकेचं नागरिकत्वही त्यांनी सोडलं. १९८९मध्ये ते दूरसंचार आयोगाचे अध्यक्ष झाले आणि वर्षअखेर राजीव गांधींचं सरकार गेलं. धंद्यात माल चांगला असला की बाजू राखता येते; इथे तो आधार पुरला नाही. नव्या सरकारच्या काळात आरोप झाले, हृदयविकाराचा झटका आला, बायपास झाली. १९९१मध्ये ते शिकागोला परतले, ज्या देशाचं नागरिकत्व सोडलं होतं त्याच देशात.

त्याच वर्षी मामाचं बूथ उघडलं होतं. पित्रोदा हे नाव त्याने कधी ऐकलं असेल असं मला वाटत नाही. २००५मध्ये ते राष्ट्रीय ज्ञान आयोगाचे अध्यक्ष म्हणून पुन्हा दिल्लीत कामाला लागले, तेव्हा मामा त्याच काचेआड बसून मोबाइलची रिचार्ज कार्डं विकत होता.