डुकरांच्या शरीराची साक्ष

कारण ओळखावं कसं, या जुन्या प्रश्नावर आज डुकरांची साक्ष काढू.

एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत 'हॉग कॉलरा'च्या साथीत डुकरांचे कळपच्या कळप मरत. 1885 च्या सुमारास तिथल्या कृषी खात्यातले डॅनियल सॅल्मन आणि थिओबाल्ड स्मिथ यांना आजारी डुकरांत एक जिवाणू सापडला. तो टोचला की डुक्कर आजारी पडे. झालं, गुन्हेगार ठरला!

पण साथीतून वाचलेलं डुक्कर पुन्हा त्याच रोगाला बळी पडत नाही, हे सर्वांना ठाऊक होतं. 1903 साली एमिल द श्वाइनिट्झ आणि मेरियन डॉर्सेट यांनी हाच मुद्दा पुढे आणला. जिवाणू टोचल्यावर आजारातून उठलेली डुकरं खऱ्या साथीत पुन्हा आजारी पडत होती. म्हणजे साथीतून वाचलेल्या डुकरांच्या शरीरानं ओळखून ठेवलेला शत्रू निराळाच होता. जिवाणू अडवणाऱ्या बारीक गाळणीतून रक्तद्रव गाळला, तरी त्यानं रोग होई. तो विषाणू होता. नैयायिक सांगतात ना, नुसतं साहचर्य म्हणजे व्याप्ती नव्हे.

मग डॉर्सेट यांनी शरीराच्या या आठवणीलाच कामाला लावलं. वाचलेल्या डुकराला विषाणू असलेलं रक्त भरपूर टोचलं, की त्याच्या रक्तात प्रतिपिंडं खूप वाढत. ही प्रथिनं विषाणूला चिकटून त्याला पेशीत शिरू देत नाहीत. त्या रक्ताचं सीरम निरोगी डुकरांना द्यायचं. 1907 मध्ये आयोवातल्या एम्सजवळ याच्या चाचण्या झाल्या.

पण हे संरक्षण उसनं, पिलाला आईच्या चिकातून मिळतं तसं. काही आठवड्यांत संपणारं. शरीरानं स्वतः शिकावं म्हणून सीरमबरोबर थोडा जिवंत विषाणूही टोचू लागले. आता प्रतिकार टिकाऊ झाला, कारण शत्रूला ओळखणाऱ्या स्मृतिपेशी मागे उरत. मात्र त्या जिवंत विषाणूमुळेच कधी कधी रोग नव्या कळपात पोचे.

म्हणून 1961 मध्ये निर्मूलनाचा कायदा झाला. जिवंत विषाणूचा वापर थांबला, बाधित कळप मारले गेले, आणि 1978 साली अमेरिका रोगमुक्त जाहीर झाली.

एकेका डुकराला त्याच्या शरीराची आठवण वाचवत होती. साथ संपवायला मात्र शेतकऱ्यांना आपले कळप गमवावे लागले. प्रतिकारशक्तीचा इतिहास सांगताना ही किंमतही सांगायला हवी.