दुसरी पसंती : १९६९ची राष्ट्रपती निवडणूक आणि चिंतामणराव देशमुख

१/ हरिहरेश्वरला सावित्री नदी समुद्राला मिळते. पलीकडच्या तीरावर बाणकोट. महाबळेश्वराहून उतरलेली ही नदी पोलादपूर, महाड करीत येथवर येते. तिच्याच खोऱ्यात, महाड तालुक्यात, रायगडाच्या परिसरात नाते नावाचे गाव आहे. हरिहरेश्वर म्हटले की इतिहासप्रेमींना पेशव्यांचे कुलदैवत आठवते, आणि ते योग्यच आहे. आजचा धागा मात्र त्याच जिल्ह्यातील एका वेगळ्या माणसाचा. १४ जानेवारी १८९६ रोजी नाते येथे जन्मलेले चिंतामण द्वारकानाथ देशमुख १९६९ साली राष्ट्रपतिपदाची निवडणूक लढले, तिसरे आले आणि हरले. पण राष्ट्रपती कोण होणार, याचा निकाल त्यांच्या मतपत्रिकांच्या गठ्ठ्यातून लागला.

२/ प्रथम थोडी यंत्रणा समजून घेऊ. अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष आणि उपराष्ट्राध्यक्ष यांची जोडी एकाच तिकिटावर उभी राहते. त्यामुळे तेथे प्रतिस्पर्धी एकत्र येतात तेव्हा ते उघड दिसते. १९८० साली रोनाल्ड रेगन आणि जॉर्ज बुश पक्षांतर्गत लढतीत एकमेकांविरुद्ध झुंजले आणि काही महिन्यांनी एकाच तिकिटावर उभे राहिले. आपल्या राज्यघटनेत अशी जोडी नाही. राष्ट्रपती निवडतात संसद आणि विधानसभांचे निवडून आलेले सदस्य, तर उपराष्ट्रपतींची निवडणूक वेगळी, केवळ संसद सदस्यांची.

३/ मग आपल्याकडे प्रतिस्पर्ध्यांनी हातमिळवणी करायची ती कोठे? मतपत्रिकेवरच. मतदार उमेदवारांच्या नावापुढे १, २, ३ असे पसंतीक्रम लिहितो. पहिल्या पसंतीच्या मतांवर कोणालाच निम्म्याहून अधिक मतमूल्य मिळाले नाही, तर तळाचा उमेदवार बाद होतो आणि त्याच्या मतपत्रिका पुढील पसंतीनुसार इतरांकडे जातात. म्हणजे ‘मी माझ्या माणसाला १ देतो, पण तुमच्या माणसाला २ देईन’ हा करार येथे शक्य आहे. अडचण एकच. मतदान गुप्त असते, त्यामुळे करार कोणी पाळला आणि कोणी मोडला, हे कधीच सिद्ध होत नाही.

४/ आता प्रसंगाकडे. ३ मे १९६९ रोजी राष्ट्रपती झाकिर हुसेन यांचे निधन झाले. उपराष्ट्रपती वराहगिरी वेंकट गिरी हंगामी राष्ट्रपती झाले. काँग्रेसमध्ये तेव्हा पंतप्रधान इंदिरा गांधी आणि ‘सिंडिकेट’ म्हणून ओळखला जाणारा ज्येष्ठांचा गट यांच्यात रस्सीखेच चालू होती. जुलैच्या बंगळूर अधिवेशनात इंदिराजींनी जगजीवनराम यांचे नाव पुढे केले, परंतु संसदीय मंडळाने बहुमताने नीलम संजीव रेड्डी यांना उमेदवारी दिली. यशवंतराव चव्हाणांचे मतही रेड्डींच्याच पारड्यात पडले.

५/ पुढील घडामोडी दिवसांच्या हिशेबाने घडल्या. १६ जुलैला मोरारजी देसाईंकडून अर्थखाते काढून घेण्यात आले. १९ जुलैला चौदा मोठ्या बँकांच्या राष्ट्रीयीकरणाचा अध्यादेश निघाला. त्यावर स्वाक्षरी हंगामी राष्ट्रपती गिरींची. दुसऱ्याच दिवशी गिरींनी राजीनामा दिला आणि ते अपक्ष म्हणून रिंगणात उतरले. सरन्यायाधीश हिदायतुल्ला यांना काळजीवाहू राष्ट्रपती व्हावे लागले. यातला चमत्कारिक भाग असा की रेड्डींच्या उमेदवारी अर्जावर प्रस्तावक म्हणून स्वतः इंदिराजींची सही होती.

६/ विरोधकांचे काय? १९६७ साली त्यांनी सरन्यायाधीशपद सोडलेल्या कोका सुब्बा राव यांना उभे करून झाकिर हुसेन यांच्याविरुद्ध ३,६३,९७१ मतमूल्य मिळवले होते. पराभव झाला, पण एकजूट झाली तर लढत देता येते, हे दिसले. १९६९ मध्ये ती एकजूट फुटली. दोन्ही कम्युनिस्ट पक्ष आणि द्रमुक गिरींमागे गेले. उरले मुख्यतः दोन पक्ष : स्वतंत्र आणि जनसंघ. १९६७च्या लोकसभेत त्यांचे अनुक्रमे ४४ आणि ३५ सदस्य निवडून आले होते.

७/ या दोघांना ‘उजवे’ म्हणून एकाच खणात टाकण्याची आपल्याला सवय आहे. ती फसवी आहे. राजाजींनी १९५९ साली स्थापलेला स्वतंत्र पक्ष परवाना राज्याविरुद्ध आणि खुल्या उद्योगाच्या बाजूने उभा होता. हिंदीच्या सक्तीला राजाजींचा कडवा विरोध, आणि पाकिस्तानशी समझोता करावा हे त्यांचे मत. जनसंघाला हिंदी राष्ट्रभाषा हवी होती आणि पाकिस्तानबाबत तडजोड मान्य नव्हती. काँग्रेसवर नाराज असलेला एकच मतदार दोघांनाही आपल्याकडे ओढायचा होता. त्या दोघांनी मिळून ज्याचे नाव घेतले, तो माणूस दोघांपैकी कोणाचाच नव्हता.

८/ चिंतामणराव देशमुखांचा हा ‘कोणाचाच नसणे’ हा गुण जुनाच होता. १९१२च्या मॅट्रिकला पहिला क्रमांक आणि संस्कृतसाठीची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती. केंब्रिजला निसर्गविज्ञान, १९१८ साली आय.सी.एस. परीक्षेत अव्वल स्थान. १९४३ मध्ये रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, १९४४ मध्ये ब्रेटन वूड्स परिषदेत हिंदुस्थानचे प्रतिनिधी. ब्रिटिशांनी त्यांना ‘सर’ केले आणि नेहरूंनी १९५० साली अर्थमंत्री. तुरुंगवासाची शिदोरी नसलेला हा माणूस १९५२ साली काँग्रेसच्या तिकिटावर कुलाब्यातून लोकसभेवर गेला. (कुलाबा जिल्ह्याचे रायगड हे नामांतर १ जानेवारी १९८१चे.) मधल्या काळात ‘मेघदूता’चा मराठी अनुवादही केला. अशी माणसे निवडणुकीच्या गर्दीत कशी टिकली, याचे मला नेहमी कुतूहल वाटते.

९/ महाराष्ट्राला ते आठवतात ते १९५६मुळे. मुंबई महाराष्ट्रापासून अलग ठेवण्याच्या प्रश्नावर त्यांनी केंद्रीय अर्थमंत्रिपद सोडले आणि लोकसभेत उभे राहून नेहरूंच्या कार्यपद्धतीवर तसेच मुंबईतील गोळीबाराच्या चौकशीस मिळालेल्या नकारावर टीका केली. त्या वेळी त्यांचे कौतुक करण्यात डावे पक्ष आघाडीवर होते. तेरा वर्षांनी त्याच डाव्यांची मते गिरींकडे वळली होती.

१०/ आणि आता या उमेदवारीतील खरा विरोधाभास. रिझर्व्ह बँक १ जानेवारी १९४९ रोजी सरकारी मालकीची झाली तेव्हा गव्हर्नर देशमुख. इम्पीरियल बँकेची १९५५ साली स्टेट बँक झाली तेव्हा अर्थमंत्री देशमुख. जानेवारी १९५६ मध्ये आयुर्विम्याचे राष्ट्रीयीकरण झाले, तेव्हाही अर्थमंत्री देशमुखच. आणि बँक राष्ट्रीयीकरणाविरुद्ध आघाडी उघडणारा स्वतंत्र पक्ष, त्या अध्यादेशाची शाई वाळते न वाळते तोच, याच माणसाला राष्ट्रपती करायला निघाला होता! हा ढोंगीपणा होता, असे मात्र मला वाटत नाही. कार्यक्रमावर एकमत होणे अशक्य असते तेव्हा पक्ष चारित्र्यावर एकमत करतात. देशमुखांचे नाव त्या कामाला चपखल होते.

११/ मात्र देशमुख निवडून येणार नाहीत, हे गणित कोणालाही कळत होते. मोल होते ते त्यांच्या मतपत्रिकांवरील ‘२’ या आकड्याला. काँग्रेस अध्यक्ष निजलिंगप्पा यांनी स्वतंत्र आणि जनसंघाच्या नेत्यांची भेट घेऊन ती दुसरी पसंती रेड्डींसाठी मागितली. येथे सिंडिकेट फसले. जगजीवनराम आणि फखरुद्दीन अली अहमद यांनी पत्र लिहून या भेटींचा जाब विचारला. प्रतिगाम्यांशी संगनमत, असा आरोप झाला आणि काँग्रेसजनांना ‘अंतरात्म्याच्या आवाजा’नुसार मतदान करू द्यावे, ही मागणी उभी राहिली. इंदिराजींनी पक्षादेश काढण्यास नकार दिला. रेड्डींसाठी दुसरी पसंती मिळवण्याच्या खटपटीत त्यांच्या पहिल्या पसंतीलाच गळती लागली.

१२/ १६ ऑगस्टला मतदान, २० ऑगस्टला मोजणी. रिंगणात १५ उमेदवार, कारण तेव्हा अनामत रक्कम नव्हती आणि डझनभर सूचक-अनुमोदकांची अटही नव्हती. त्या अटी १९७४च्या दुरुस्तीने आल्या. पाच जणांना शून्य मते मिळाली. ८३१ मतमूल्य मिळवणाऱ्या एका नावापाशी मराठी वाचकाने थांबावे : पांडुरंग नथुजी राजभोज, शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचे नेते आणि सोलापूरचे माजी खासदार.

१३/ पहिल्या पसंतीचे आकडे : गिरी ४,०१,५१५, रेड्डी ३,१३,५४८, देशमुख १,१२,७६९. इतर सर्व मिळून ८,५०५. एकूण ८,३६,३३७, म्हणजे विजयासाठी हवेत ४,१८,१६९. कोणीही तेथे पोहोचले नाही. त्यापूर्वीही असे घडले नव्हते, त्यानंतरही घडलेले नाही. राष्ट्रपती निवडणुकीत पुढील पसंतीची मते मोजावी लागली ती या एकाच वेळी.

१४/ तळाचे उमेदवार बाद होत गेले आणि अखेर देशमुखांचा गठ्ठा फोडण्यात आला. बाद उमेदवारांच्या एकूण १,२१,२७४ मतमूल्यापैकी ९१,८७९ रेड्डींना मिळाले, १८,५६२ गिरींना. उरलेल्या १०,८३३ वर पुढची उपयोगी पसंतीच नव्हती. अंतिम आकडे : गिरी ४,२०,०७७, रेड्डी ४,०५,४२७.

१५/ येथे कागद-पेन्सिल घेऊन बसा. किरकोळ उमेदवारांची सगळीच्या सगळी ८,५०५ मते गिरींना गेली असे धरले, तरी गिरींना मिळालेल्या १८,५६२ पैकी निदान १०,०५७ देशमुखांच्या मतपत्रिकांवरून आली. एका खासदाराच्या मताचे मूल्य तेव्हा ५७६ होते. म्हणजे हे मूल्य साधारण साडेसतरा खासदारांइतके. तेवढेच रेड्डींकडे वळले असते तर? रेड्डी ४,१५,४८४, गिरी ४,१०,०२०. भारताचा राष्ट्रपती दुसरा झाला असता आणि इंदिराजींचे पुढचे राजकारण कसे वळले असते, याची कल्पनाच करावी.

१६/ म्हणून ‘स्वतंत्र-जनसंघाने रेड्डींना बुडवले’ असे म्हणायचे का? मला ते अन्यायाचे वाटते. देशमुखांच्या मतदारांतील फार मोठ्या वर्गाने रेड्डींना दुसरी पसंती दिली, हे ९१,८७९ हा आकडाच सांगतो. वैचारिक वैरी असलेल्या पक्षांनी बऱ्याच अंशी शब्द पाळला. शब्द मोडला तो रेड्डींच्या स्वतःच्या पक्षात, पहिल्या पसंतीच्या रकान्यात. तेथली फूट एवढी मोठी नसती, तर देशमुखांचा गठ्ठा फोडायची वेळच आली नसती.

१७/ गिरींनी २४ ऑगस्टला शपथ घेतली. नोव्हेंबरमध्ये इंदिराजींना पक्षातून काढण्यात आले आणि काँग्रेस दुभंगली. १० फेब्रुवारी १९७० रोजी सर्वोच्च न्यायालयाने, स्वतंत्र पक्षाचे रुस्तुम कावसजी कूपर यांच्या याचिकेवर, बँक राष्ट्रीयीकरणाचा कायदा रद्द ठरवला. सरकारने तो नव्याने आणला.

१८/ १९६९ साली दुसऱ्या पसंतीपुरते जवळ आलेले हे लोक पुढे खरोखरच एका छताखाली आले. स्वतंत्र पक्ष १९७४ साली भारतीय लोकदलात विलीन झाला. मग लोकदल, जनसंघ आणि सिंडिकेटची संघटना काँग्रेस मिळून १९७७चा जनता पक्ष उभा राहिला. त्या वर्षी जुलैमध्ये राष्ट्रपतिपदासाठी ३७ अर्ज आले, ३६ बाद झाले, आणि नीलम संजीव रेड्डी एकही मत मोजले न जाता राष्ट्रपती झाले. चिंतामणराव देशमुखांनी पुन्हा निवडणूक लढवली नाही. १९७५ साली त्यांना पद्मविभूषण मिळाले, आणि २ ऑक्टोबर १९८२ रोजी, सावित्रीच्या खोऱ्यापासून दूर, हैदराबादेत त्यांचे निधन झाले.