नाण्याची झीज आणि इतिहासाची साक्ष

जुन्या नाण्यांच्या बाजारात नाण्याची प्रत डोळ्यांनी ठरते. चेहरा स्पष्ट, अक्षरे ठसठशीत, कडा अभंग असे नाणे उत्तम. पुसट, वाकडे वा दुबार ठोकलेले नाणे हीन. ही प्रतवारी व्यवहाराला सोयीची असेल; परंतु प्राचीन भारतीय नाण्यांना ती जशीच्या तशी लावली, तर इतिहासाचे बोलके पुरावेच आपण टाकाऊ ठरवू, असे आम्हांस वाटते.

नाण्याची अवस्था पारखताना तीन गोष्टी वेगळ्या कराव्या लागतात : ते पाडताना काय झाले, वापरात काय झाले आणि जमिनीत पडून राहिल्यावर काय झाले. चांदीच्या आहत नाण्याचा छाटलेला कोपरा ही मोडतोड नव्हे. वजन जुळविण्यासाठी टांकसाळीतच तो छाटलेला असतो. पश्चिमी क्षत्रपांच्या नाण्यांवर राजमुखाच्या मागे शकवर्षाचे आकडे असतात. चकती लहान पडली किंवा ठसा सरकला, की हे आकडे कडेबाहेर जातात. अशा नाण्यावर चेहऱ्याचे बारकावे ताजे असूनही वर्ष मात्र नसते. ही झीज नसून पाडणीतील उणीव होय. उलट, सर्व उंचवटे सारखेच गुळगुळीत झाले असतील, तर ते नाणे पुष्कळ हातांतून फिरले, असे समजावे.

दुबार ठोकलेल्या नाण्याची गोष्ट याहून निराळी. १९०६ साली नाशिक जिल्ह्यातील जोगळटेंभी येथे क्षहरात क्षत्रप नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा मोठा निधी सापडला. त्यात तेरा हजारांहून अधिक नाणी होती आणि त्यांतील ९,००० हून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपली चिन्हे पुन्हा ठोकलेली होती. नहपानाचा मुखवटा आणि त्याभोवतीची ग्रीक अक्षरे यांवर सातवाहनांचा तीन कमानींचा चैत्य आणि उज्जयिनी चिन्ह उमटले. कुठे नव्या छापाखालून जुन्या राजाचे नाक डोकावते, कुठे अर्धवट अक्षरे. बाजाराच्या दृष्टीने दोन्ही छाप बिघडले. इतिहासाच्या दृष्टीने मात्र कोणता छाप वर आणि कोणता खाली, एवढ्यावरून सत्तांतराचा क्रम सिद्ध झाला.

गौतमीपुत्राने क्षहरात वंशाचे निर्मूलन केले, असे त्याची आई गौतमी बलश्री हिने नाशिकच्या लेण्यातील शिलालेखात नोंदविले आहे. आईने केलेल्या मुलाच्या प्रशस्तीवर कुणी शंका घेईल. हजारो नाण्यांवरील घावांवर ती घेणे अवघड आहे. शिवाय याच निधीतील उरलेली, नवा छाप नसलेली नाणीही तितकीच महत्त्वाची आहेत. दोन्ही प्रकारची नाणी एकत्र मिळाली, म्हणूनच त्यांचे प्रमाण कळले. एखाद्या संग्राहकाने त्यांतून फक्त ‘स्वच्छ’ नाणी निवडली असती आणि उरलेली आटणीस गेली असती, तर ही साक्ष कायमची बुजली असती.

चिंच-लिंबाने घासून नाणे चकचकीत करण्याच्या हौसेचेही असेच आहे. तांब्याच्या नाण्यावरील घट्ट, गुळगुळीत हिरवट थर हा त्याचे एक प्रकारे कवचच असतो. फिकट हिरवी, भुकटीसारखी सुटणारी बुरशी मात्र धातू खाणारा रोग होय व त्यावर जाणकाराकडूनच उपाय करावा. सातवाहनांची शिशाची नाणी तर इतकी मऊ असतात, की घासताना मळाबरोबर अक्षरेही निघून जातात. शतकानुशतके टिकलेली अक्षरे अशी एका दुपारी नाहीशी होऊ शकतात.

म्हणून संग्राहकांस आमचे सांगणे इतकेच, की प्रत ठरविण्यापूर्वी नाण्याचे वजन, माप आणि सापडल्याचे ठिकाण लिहून ठेवावे. जमिनीत निधी आढळल्यास १८७८ च्या कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळविणे बंधनकारक आहे. पण कायद्याचा धाक नसता, तरी निधी फोडू नये. सुटे नाणे एका राजाचे नाव सांगते. एकत्र राहिलेली नाणी त्या राजाचे पुढे काय झाले, तेही सांगतात.