पत्त्यांच्या माळेपासून पेनड्राइव्हपर्यंत: खिशातल्या सिस्टीमची कुळकथा

सोलापूरच्या पूर्व भागात यंत्रमागाच्या शेडमध्ये शिरलं की आधी कान बधिर होतात, मग डोळे वर जातात. चादरीच्या मागावर, माणसाच्या डोक्याच्याही वर, जॅकार्ड बसवलेलं असतं. भोकं पाडलेले पुठ्ठ्याचे पत्ते दोरीने एकमेकांना ओवलेले असतात आणि ती लांबलचक माळ एका चौकोनी रुळावरून टप्प्याटप्प्याने पुढे सरकत असते. एक पत्ता म्हणजे धोट्याची एक फेरी. पत्ता सुयांवर दाबला जातो. जिथे भोक आहे तिथली सुई भोकातून पार जाते, तिचा हूक सरळ उभा राहतो आणि वर उचलला जाताना आपला उभा धागाही उचलतो. जिथे भोक नाही तिथे पुठ्ठा सुईला मागे रेटतो, हूक कलतो, धागा खालीच राहतो. अशा शेकडो फेऱ्या झाल्या की कापडावर मोर उमटतो.

मागाला मात्र मोर ठाऊक नसतो. माळ उतरवून दुसरी चढवा, त्याच मागावर कमळ निघेल. उतरवलेली माळ शेजारच्या, तितक्याच हुकांच्या मागावर टांगा, मोर तिकडे निघेल. यंत्र एका जागी, त्याची अक्कल दुसऱ्या जागी आणि ती अक्कल उचलून नेता येते. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन मिळालं, तिच्यामागे तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांच्या पिढ्या आहेत, हे सगळे सांगतात. त्या चादरीच्या डोक्यावर सुटी करता येणारी स्मृती टांगलेली असते, याचा उल्लेख क्वचितच होतो.

ही कल्पना एकट्या जॅकार्डची नव्हे. फ्रान्समधल्या लिआँ शहरात बाझील बुशोंने १७२५ मध्ये भोकांची कागदी पट्टी वापरली, तीन वर्षांनी फाल्कोंने पत्ते केले. जोसेफ मारी जॅकार्डने १८०४ च्या सुमारास या सगळ्याचं चालणारं यंत्र जमवलं. पुढे १८३९ मध्ये त्याच तंत्राने जॅकार्डचं एक रेशमी चित्र विणलं गेलं. त्याला सुमारे २४,००० पत्ते लागले, आणि त्याची एक प्रत चार्ल्स बॅबेजने मोठ्या कौतुकाने घरी लावली होती. एवढ्यावरून जॅकार्डला संगणकाचा आजोबा म्हणायची पद्धत पडली आहे. मला ती जरा अती वाटते. माग आकडेमोड करत नाही, ‘असं असेल तर तसं कर’ हेही त्याला जमत नाही. नातं आहे ते वेगळ्या बाजूने. संगणकाला सुरू होण्यासाठी जी सूचना लागते ती बाहेरून आणून लावायची, आणि काम झालं की काढून न्यायची, ही रीत या माळेची आहे. आज खिशातल्या पेनड्राइव्हमध्ये अख्खी ऑपरेटिंग सिस्टीम घालून कुठल्याही संगणकावर ती चालू करतात, ती याच कुळातली.

माळेत एका गोष्टीची उणीव होती. ती नुसती वाचली जाते. मागावर काहीही घडो, पत्त्यावर नवं भोक पडत नाही. नक्षी बदलायची तर ग्राफ पेपरवर चौकट-चौकट रंगवून पुन्हा पंचिंग करायला बसायचं. वाचलेलं तसंच ठेवून त्याच्यासोबत नवं लिहिलेलंही जपायचं, ही गोष्ट साधायला फार वेळ लागला. आणि मधे एकदा ती हातात येऊन सुटलीही.

१९७१ मध्ये आयबीएमने आठ इंचांची फ्लॉपी काढली ती कुणाची पत्रं किंवा हिशेब साठवायला नव्हे. त्यांच्या सिस्टीम ३७० मालिकेतल्या यंत्रांच्या पोटातल्या मूळ सूचना वीज गेली की पुसल्या जात. त्या दर वेळी भरण्यासाठी स्वस्त आणि टपालाने पाठवता येईल असं काहीतरी हवं होतं. त्या पहिल्या फ्लॉपीत जेमतेम ८० किलोबाइट मावत, आणि यंत्राला तिच्यावर लिहिता येत नव्हतं. यंत्र जागं करायला जन्मलेली, फक्त वाचायची चकती. आयबीएमची लिहिता येणारी फ्लॉपी आली १९७३ मध्ये.

१९८१ मध्ये आयबीएमचा पीसी आला आणि मग आपल्याकडच्या कॉम्प्युटर क्लासमधलं ते दृश्य सुरू झालं, जे आज पन्नाशीत असलेल्यांना आठवत असेल. हार्डडिस्क नसलेला संगणक, सव्वापाच इंची फ्लॉपी, तिच्यात डॉस ही सिस्टीम. फ्लॉपी खोबणीत सरकवायची, दांडी फिरवायची, घर्रघर्र झालं की पडद्यावर ए आणि पुढे बाण. त्याच फ्लॉपीवर लिखाणासाठी वर्डस्टार, आणि त्याच फ्लॉपीवर आपलं पत्र. कडेला एक चौकोनी खाच असे. तिच्यावर चिकटपट्टी लावली की फ्लॉपी फक्त वाचायची, काढली की लिहायचीही. यंत्र क्लासचं, सिस्टीम आणि लिखाण आपलं, घरी नेता येणारं. आज ज्याला मोठ्या थाटात ‘पर्सिस्टंट स्टोरेज’ म्हणतात ते तेव्हा ३६० किलोबाइटच्या फ्लॉपीत आपसूक मिळत होतं. त्याला कुणी वेगळं नाव दिलं नाही, कारण त्यात कुणाला नवल वाटलं नाही.

मग हार्डडिस्क स्वस्त झाली, सिस्टीम यंत्राच्या आत जाऊन बसली. सिस्टीम फुगलीही इतकी की फ्लॉपीत मावेना. ६५०-७०० मेगाबाइटची सीडी आली, १९९५ मध्ये सीडीवरून संगणक सुरू करण्याचं मानक ठरलं. पण छापलेली सीडी ही पुन्हा पुठ्ठ्याच्या पत्त्यासारखीच, एकदा भोकं पाडली की संपलं.

सीडीवरून थेट चालणाऱ्या लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टीमचा पहिला नामांकित प्रयोग १९९२ चा, इग्ड्रासिल नावाचा. ही गोष्ट घराघरांत नेली ती क्लाउस क्नॉपर या जर्मन अभियंत्याच्या नॉपिक्सने, २००० सालापासून. दाबून भरलेल्या एका सीडीत सुमारे दोन गिगाबाइटचा ऐवज, आणि हार्डडिस्कला हातही न लावता सगळं चालू. आपल्याकडे तेव्हा इंटरनेट डायलअपचं. ७०० मेगाबाइट उतरवून घेणं म्हणजे फोनचं बिल भरता भरता नाकी नऊ. त्यामुळे अशा सीड्या आल्या त्या मासिकांसोबत आणि मित्रांच्या हातून.

जादू खरी होती, पण ती बंदच्या बटणापर्यंतच. चालू असताना जे काही लिहाल ते रॅममध्ये, संगणक बंद केला की सगळं गेलं. मराठीत लिहिणाऱ्याला हे फार जाचायचं. सीडी लावायची, सेटिंगमध्ये जाऊन इनस्क्रिप्ट कळफलक जोडायचा, फॉण्ट नीट दिसतोय का पाहायचं, प्रिंटर ओळखवायचा. तासभर काम करून उठायचं. दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून ओळखपाळख.

सुटका दोन बाजूंनी आली. एक बाजू लोखंडाची. यूएसबीची पहिली आवृत्ती १९९६ ची. ती घडवणाऱ्या इंटेलच्या गटाचे म्होरके अजय भट्ट हे बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातून शिकलेले. २००० मध्ये सिंगापूरच्या ट्रेकने आणि इस्रायलच्या एम-सिस्टिम्सने पेनड्राइव्ह बाजारात आणले. एम-सिस्टिम्सचा आयबीएमच्या नावाने विकला गेलेला पहिला नग ८ मेगाबाइटचा होता. त्यावरून संगणक सुरू करायचा म्हटलं तर त्या काळचे बहुतेक मदरबोर्ड ढिम्म बसत. ती अडचण पुढच्या काही वर्षांत विरली.

दुसरी बाजू सॉफ्टवेअरची, आणि खरी कारागिरी तिथे आहे. मूळ सिस्टीमला हात न लावता तिच्यात बदल कसे करायचे? उत्तर असं: छापील नकाशावर पारदर्शक कागद अंथरा आणि खुणा त्या कागदावर करा. खाली दाबून भरलेली, न बदलणारी सिस्टीम. वर एक रिकामा, लिहिता येणारा थर. वापरणाऱ्याला दोन्ही मिळून एकच दिसतं. खालची फाइल बदलायला घेतली की तिची प्रत आधी वरच्या थरात येते, बदल त्या प्रतीत होतो. खालची फाइल पुसली तर ती पुसली जातच नाही. वरच्या थरात ‘ही दाखवू नका’ एवढी खूण पडते.

या तंत्राचं युनियनएफएस हे रूप अमेरिकेतल्या स्टोनी ब्रूक विद्यापीठात एरेझ झादोक यांच्या गटाने घडवलं, आणि नॉपिक्सने ते २००५ मध्ये ३.८ आवृत्तीत उचललं. मग जपानच्या जुन्जिरो ओकाजिमा यांचं एयूएफएस आलं. ते जगभर वापरलं गेलं, पण लिनक्सच्या मुख्य कर्नलमध्ये, म्हणजे गाभ्यात, त्याला दार कधी उघडलं नाही. शेवटी मिक्लोश सेरेदी यांचं ओव्हरलेएफएस डिसेंबर २०१४ मध्ये, ३.१८ आवृत्तीत, आत गेलं. डॉकर वापरणारी आयटीतली मंडळी रोज याच थरांवर काम करतात.

आता उरलं एवढंच की वरचा थर रॅममध्ये न ठेवता पेनड्राइव्हवर ठेवायचा. ऑस्ट्रेलियाच्या बॅरी कौलर यांचं पपी लिनक्स २००३ चं. ते बंद होताना सगळे बदल एका फाइलीत बांधून ठेवी, आणि पेनड्राइव्ह नसेल तर लिहिता येणाऱ्या सीडीच्या उरलेल्या जागेत भर घाली. फेडोरा या लिनक्सच्या दुसऱ्या अवताराने मे २००८ च्या नवव्या आवृत्तीत ही सोय दिली. ऑक्टोबर २००८ च्या उबुंटू या तिसऱ्या अवतारात तर पेनड्राइव्ह बनवायचं साधनच सोबत आलं आणि त्यात सरळ प्रश्न होता: बदल राखीव जागेत ठेवायचे की बंद करताना टाकून द्यायचे? फ्लॉपीच्या खाचेवरची चिकटपट्टी वीस-पंचवीस वर्षांनी परत आली होती.

सर्वांत मजेशीर वळण टेल्सचं. २००९ मध्ये सुरू झालेली ही सिस्टीम पत्रकार-कार्यकर्त्यांसाठी, मुद्दाम विसरभोळी केलेली. बंद केली की मागे काही उरू नये हाच तिचा बाणा. तिलाही २०१२ मध्ये सांकेतिक लिपीत कुलूपबंद केलेला का होईना, एक कायमचा कप्पा द्यावा लागला. माणसाला काहीतरी ठेवावंच लागतं. उलट मायक्रोसॉफ्टने २०१२ मध्ये मोठ्या कंपन्यांसाठी पेनड्राइव्हवरची विंडोज काढली आणि २०२० मध्ये गुंडाळली.

कुळकथेत सहसा कृती सांगत नाहीत, पण हे कूळ अजून नांदतं आहे, म्हणून चार गोष्टी सांगतो. अनेकजण आयएसओ फाइल, म्हणजे सीडीची हुबेहूब प्रत, जशीच्या तशी पेनड्राइव्हवर उतरवतात आणि मग ३२ जीबीचा पेनड्राइव्ह दोन-तीन जीबीचाच दिसतो म्हणून दुकानदाराशी भांडतात. पेनड्राइव्ह बिघडलेला नसतो, त्याची सीडी झालेली असते. बदल टिकवायचे तर उरलेल्या जागेत वेगळा कप्पा करावा लागतो. विंडोजवर रूफस या साधनात २०१९ पासून त्यासाठी एक पट्टी आहे, ती सरकवायची की झालं. डेबियन या लिनक्सला त्या कप्प्याचं नाव ‘पर्सिस्टन्स’ असावं लागतं आणि आत एका ओळीची फाइल. उबुंटूत ‘कॅस्पर-आरडब्ल्यू’ हे नाव चालायचं, अलीकडच्या आवृत्त्यांत ‘रायटेबल’. कप्प्याऐवजी एफएटी-३२ वर नुसती फाइल केली तर ती चार जीबीच्या वर जाणार नाही. मोठी अपडेटं टाळावीत. जुनी फाइल खालच्या थरात तशीच राहते, नवी वर येते आणि जागा दोन्हीकडून जाते. नवं कर्नल टाकलं तरी सुरू होताना बहुधा जुनंच उठतं, कारण ते थराच्या बाहेरून येतं. आणि संगणक नीट बंद केल्याशिवाय पेनड्राइव्ह उपसू नये. अर्धवट लिहिलेला थर पुढच्या वेळी उघडेलच असं नाही.

या तंत्राला मी कायमचं घर म्हणणार नाही. पेनड्राइव्ह मंद असतो, वारंवार लिहिण्याने झिजतो आणि हरवतो. कॉलेजची लॅब, सायबर कॅफे, भावाचा लॅपटॉप अशा परक्या यंत्रावर आपल्या कळफलकासह, आपल्या फाइलींसह बसायला मात्र याच्याइतकं सोयीचं आणि फुकट दुसरं काही नाही.

माळेच्या मूळ घरी, मागावरही, आता पेनड्राइव्ह पोचला आहे. ब्रिटनच्या बोनास कंपनीने १९८३ मध्ये मिलानच्या प्रदर्शनात पहिलं इलेक्ट्रॉनिक जॅकार्ड मांडलं. अशा यंत्रात पत्त्यांची माळ नसते. डिझाइनर संगणकावर नक्षी काढतो, ती फाइल जाते आणि माग ती वाचतो. पुष्कळदा ती फाइल पेनड्राइव्हमधूनच जाते.

आता या तंत्राच्या आजच्या एका उपयोगाकडे. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. नवी विंडोज झेपत नाही म्हणून धडधाकट संगणक भंगारात निघत आहेत. तुमच्या घरी, शाळेत, पतसंस्थेत असा एखादा पडून असेल तर तो रद्दीवाल्याच्या काट्यावर चढवण्याआधी १६ जीबीचा एक पेनड्राइव्ह तयार करा, त्यात मराठी कळफलक बसवा, आणि एकदा लावून पाहा. आतल्या हार्डडिस्कला धक्का लागत नाही. चाललं तर ठेवा, नाही चाललं तर रद्दीवाला कुठे जात नाही.