टाकी होती तिथेच राहिली

१९७३ सालच्या नमुन्यापासून अमेरिकेतल्या जनरल मोटर्सने आपल्या मोठ्या पिकअप ट्रकच्या पेट्रोलच्या टाक्या चासीच्या पोलादी तुळयांबाहेर, कडेला बसवल्या. पेट्रोल जास्त मावू लागले. पण बाजूने गाडी आदळली, की टाकी फुटून आग लागण्याची भीती होती. १९८८ च्या नव्या नमुन्यात टाकी आत गेली. पण रस्त्यावरच्या लाखो जुन्या ट्रकांचे काय?

१९९२ साली ग्राहक संघटनांनी ते परत बोलवा, अशी मागणी केली. त्याच वर्षी एनबीसी वाहिनीने टक्कर दाखवताना ट्रकखाली ठिणगीची सोय करून ठेवली. १९९३ मध्ये हे बिंग फुटले, वाहिनीने माफी मागितली. एका बनावट दृश्यामुळे खऱ्या तक्रारींकडेही लोक संशयाने पाहू लागले. ट्रक सरकारी निकषांत बसतात, असे सांगून कंपनीने ते परत बोलवायला नकार दिला.

ऑक्टोबर १९९४ मध्ये वाहतूकमंत्री फेडेरिको पेन्या यांनी दोष असल्याचा प्राथमिक निष्कर्ष जाहीर केला; अशा आगींत सुमारे १५० माणसे दगावल्याचा अंदाज होता. डिसेंबरात तडजोड झाली. कंपनीने सुरक्षा कार्यक्रमांना ५ कोटी डॉलरहून अधिक रक्कम द्यायची, ट्रक मात्र परत बोलवायचे नाहीत. पैसे सत्कारणी लागले असतील; पण जुन्या ट्रकची टाकी होती तिथेच राहिली.

सदोष वाहने परत मागवण्याची तरतूद आपल्या कायद्यात २०१९ साली आली. तिचा आधार घेताना तक्रार निर्भीड हवी, आणि पुरावा निखळ खरा.