नासूर आणि सरतान

उर्दूत वर्षानुवर्षे न भरणाऱ्या जखमेला नासूर म्हणतात. गझलेत तो मनाचा असतो, आमच्या हदगावात तो पायावर किंवा कमरेवर असतो. कॅन्सरला उर्दूत सरतान म्हणतात, मराठीत कर्करोग. सरतान म्हणजे खेकडा आणि कर्क म्हणजेही खेकडाच. या नासूरचा कधीकधी सरतान होतो, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक आहे.

वैद्यकाने हे साध्या माणसांच्या अंगावरून शिकून घेतले. १८६६ साली डॉ. विल्यम एल्मस्ली यांनी काश्मीरमधला असा कॅन्सर नोंदवला. थंडीत तिथे फेरनच्या आत निखाऱ्यांची कांगडी पोटाशी धरतात, पंडितही आणि मुसलमानही. त्या धगीने पोटावरची, मांड्यांवरची कातडी करपते आणि पुढे काहींना तिथेच कॅन्सर होतो. १९४५ मध्ये मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातले डॉ. वसंत रामजी खानोलकर आणि त्यांच्या सहकारी सूर्याबाई यांच्या लेखाने धोतराचा कॅन्सर जगापुढे आणला. कमरेला रोज एकाच जागी आवळलेले धोतर त्याला कारण होते. २०२४ मध्ये वर्धा आणि बिहारमधल्या डॉक्टरांनी दोन वृद्ध स्त्रियांची हकीकत प्रसिद्ध केली. त्यांतल्या एकीने चाळीस वर्षे लुगडे घट्ट नेसले होते. कमरेवरच्या जखमेतला कॅन्सर जांघेतल्या गाठीपर्यंत पोहोचला होता.

कारण तेच: कातडी सोलते, भरते, पुन्हा सोलते. पेशींना सतत नवे बनावे लागते आणि कधीतरी ती वाढ ताब्याबाहेर जाते. भाजल्याचा जुना व्रण, कुष्ठरोग्याच्या तळपायाची जखम, इथेही हेच घडू शकते. प्रत्येक जखमेचे असे होत नाही, पण वीस-तीस वर्षांनीही होऊ शकते.

आपल्याकडे अडचण दोन गोष्टींची आहे. जुनी जखम बरेचदा दुखत नाही, म्हणून माणूस निर्धास्त राहतो. आणि कमरेवरची जखम डॉक्टरला दाखवायची बायकांना शरम वाटते. मग हळद, मलम, तावीज यांत वर्षे जातात. दुवा जरूर करावी, पण दवाही करावी.

दोन-तीन महिने उपचार करूनही जखम भरत नसेल, कडा जाड होऊन उलटत असतील, मांस कोबीसारखे वाढत असेल, रक्त किंवा दुर्गंधी येत असेल, तर तुकडा काढून तपासायला सांगा. तुकडा काढल्याने कॅन्सर पसरतो, हा गैरसमज आहे. वेळेत सापडला तर तेवढा भाग कापून माणूस वाचतो. उशीर झाला तर पाय जातो, कधी जीवही. आज घरी अम्मीला, दादीला, आजीला एवढे विचारा: कमरेवर नाड्याची जखम तर नाही ना?